दिवसाचं शेवटचं कौल

हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोटात गोळाच आला होता. डिसेंबरचे दिवस, पुण्यात रात्रीचे साडेनऊ. ऑफिसात आम्ही दोघंच उरलो होतो. श्टुटगार्टजवळच्या एका गावातून कॉलवर असलेले आमचे प्रकल्पप्रमुख, साठीला टेकलेले गृहस्थ, बोलता बोलता घड्याळाकडे बघून म्हणाले, "झो, फायरआबेंट!" आणि पडद्यावरून गेले. शेजारची सहकारी माझ्याकडे बघत राहिली. "कोणाला फायर केलं?" तिने विचारलं. मलाही तेच ऐकू आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गृहस्थ नेहमीसारखे हसतमुखाने हजर झाले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, एवढाच त्याचा अर्थ. काम संपलं, घरी चाललो.

त्याच सुमारास मी मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला जात होतो. शनिवारी सकाळी बाईंना विचारलं. बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, मधोमध उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, "समास आहे. करा विग्रह." शाळेत आठवी-नववीत हाच प्रश्न दोन गुणांना यायचा, त्यामुळे वर्गात उत्साह आला. फायर म्हणजे उत्सव, सण. आबेंट म्हणजे संध्याकाळ. सणाची संध्याकाळ, षष्ठी तत्पुरुष. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे पार्टी." बाई हसल्या. विग्रहाला दोनपैकी दोन, अर्थाला शून्य.

कारण पाच वाजता लॅपटॉप मिटणारे आमचे प्रकल्पप्रमुख रोज काही पार्टीला जात नव्हते. पुढे तिकडे सहा महिने राहिलो तेव्हा त्यांचं फायरआबेंट मी स्वतः पाहिलं. घरी जायचं, पायातले बूट काढून जुन्या सपाता चढवायच्या, मागच्या अंगणातल्या टोमॅटोला पाणी घालायचं, मग बाकावर बसून अर्ध्या लिटरची एक बिअर. एकच. तिलाही वेगळं नाव आहे, फायरआबेंटबीअर. हीच बिअर रविवारी दुपारी प्यायली तर तिला कोणी त्या नावाने हाक मारणार नाही.

मग यात उत्सव कुठून आला? आणि खरं तर घोळ उत्सवाने घातलेलाच नाही. तो संध्याकाळीने घातलाय.

जुन्या जर्मनमध्ये आबेंट म्हणजे संध्याकाळ हे तर होतंच, पण सणाच्या नावाला जोडून आला की त्याचा अर्थ व्हायचा आदला दिवस, आदली संध्याकाळ. चर्चच्या हिशेबात सण सकाळी उजाडत नाही, आदल्या दिवशी सांजप्रार्थनेची घंटा झाली की लागतो. ही रीत ज्यू परंपरेतून आलेली. त्यांचा शनिवारचा शब्बाथही शुक्रवारी सूर्य बुडाला की सुरू होतो. आपण सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते बघून दिवस ठरवणारी माणसं, त्यामुळे आपल्याला हे उलटं वाटतं. पण त्या हिशेबाने जर्मन पंचांगात मोठ्या गमतीजमती झाल्यात. उत्तर आणि पूर्व जर्मनीत शनिवारला झोनआबेंट म्हणतात, शब्दशः 'रविवारची संध्याकाळ'. हे नाव आठव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या धर्मप्रचारकांच्या भाषेवरून घेतलेलं. सुरुवातीला ते खरोखर शनिवारच्या संध्याकाळपुरतंच होतं, मग पसरत पसरत अख्खा शनिवार त्याने व्यापला. त्यामुळे शनिवारी सकाळी आठ वाजता उत्तरेकडचा माणूस जे म्हणतो त्याचं मराठी करायचं तर 'रविवारच्या संध्याकाळची सकाळ' असं करावं लागेल. जर्मन नागरी कायद्याच्या पुस्तकात आजही शनिवार याच नावाने छापलेला आहे. 24 डिसेंबरचंही तेच. तो हायलिगआबेंट, पवित्र संध्याकाळ, आणि तोही पहाटेपासून.

तर फायरआबेंट म्हणजे मुळात उद्या सण आहे, त्याची आजची संध्याकाळ.

हे कळलं तेव्हा मला एकदम सासुरवाडी आठवली. ती नगरकडची. तिथे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. औत सुटलं की बैलाच्या खांद्यावर जिथे जू टेकतं, ती घट्टे पडलेली जागा गरम पाण्याने शेकायची, मग हळद आणि तूप लावून हाताने मळायची. सासरे बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मला पोळ्याच्या दिवशीच्या झुली नि बाशिंगांपेक्षा ती आदली संध्याकाळच जास्त लक्षात राहिलीय. बैल डोळे अर्धे मिटून उभा असतो, आणि सण अजून लागलेलाही नसतो. जुन्या अर्थाचं फायरआबेंट मला कोणी दाखवायला सांगितलं तर मी त्या गोठ्यात नेईन. (आपलं जू आणि जर्मनांचं योख, दोघं सख्खे चुलतभाऊ. संस्कृतातलं युग घ्या, सगळी एकाच घराण्यातली. जोखडाखाली मान देण्याची वेळ दोघांवरही फार पूर्वी आली असणार.)

पण मग सणाच्या आदल्या दिवसाचा रोजच्या पाच वाजण्याशी संबंध कसा जुळला? तो जुळवला कारागिरांनी. मध्ययुगातल्या जर्मन शहरांत सुतार, लोहार, चांभार, विणकर आपापल्या संघांत बांधलेले असत. उस्तादाकडे राहायचं, त्याच्याकडेच जेवायचं, उजेड असेतो काम करायचं. रविवार आणि सणांच्या आदल्या दिवशी मात्र चर्चची घंटा वाजली की हत्यार खाली. त्या काळी संतांचे वार भरपूर, त्यामुळे असा आदला दिवसही वरचेवर यायचा. आता हातोडा ठेवणाऱ्या शिकाऊ पोराला उद्या कोणत्या संताचा दिवस आहे याच्याशी कितपत देणंघेणं असणार? त्याच्या कानाला फायरआबेंट म्हणजे 'सुटलो' एवढंच. 16व्या शतकाच्या आसपास कारागिरांच्या बोलीत हा शब्द रोजच्या सुटण्याला लागू झाला. उद्या सण असो नसो, आज काम संपलं ना, मग झालं. पंडितांनी ठरवलेला अर्थ पोरांनी वापरून वापरून गुळगुळीत केला, आणि टिकला तो पोरांचाच.

आता तर त्यातली संध्याकाळही गेली आहे. मी राहत होतो त्या गावात एक कारखाना होता. सकाळी सहा वाजता रात्रपाळी सुटायची. बेकरीसमोर पाव घेताना तारवटलेल्या डोळ्यांचे कामगार एकमेकांना "शोनन फायरआबेंट" म्हणत, म्हणजे 'फायरआबेंट छान जावो'. समोर सूर्य उगवत असायचा. ना सण, ना संध्याकाळ. समासातली दोन्ही पदं मेलीत, आणि समास मात्र ठणठणीत. आमच्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हा बहुव्रीहीच्याही पुढचा प्रकार झाला."

पहिल्या पदाची, फायरची, वंशावळ तर थेट गोव्यापर्यंत पोचते. हा शब्द लॅटिन 'फेरिया'वरून आलेला. फेरिया म्हणजे देवाधर्मासाठी कामकाज बंद ठेवण्याचे दिवस. जुन्या जर्मनमध्ये त्याचं 'फीरा' झालं, आणि पुढे लांब 'ई'चा 'आय' होत गेला तसं फायर. स्विस लोकांनी मात्र तो जुना ई सोडला नाही; त्सुरिखकडे अजून 'फीराबिग'च म्हणतात. हाच फेरिया पंडितांनी नंतर लॅटिनमधून पुन्हा एकदा उसना आणला, त्याचं झालं फेरिएन, म्हणजे शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या. एकाच विहिरीचं पाणी दोनदा शेंदलं. पोर्तुगीजमध्ये त्याच शब्दाचं 'फेइरा' झालं. सणाला देवळासमोर बाजार भरतो, तसा चर्चसमोरही भरायचा. म्हणून फेइरा म्हणजे जत्रेचा बाजार. तोच गोव्यात उतरला. फेस्ताच्या फेरीत खाजं घेताना आपण हा शब्द सहज बोलून जातो. (गल्लीतल्या फेरीवाल्याची फेरी वेगळी हं. तो बिचारा आपल्या 'फिरणे'मधला.)

पोर्तुगिजांनी तर कहर केला. चर्चच्या लॅटिनमधली वारांची नावं त्यांनी जशीच्या तशी उचलली, आणि त्यात वारांना फेरिया जोडून क्रमांक दिलेले होते. त्यामुळे त्यांचा सोमवार म्हणजे 'सेगुंदा-फेइरा', दुसरी सुट्टी, आणि शुक्रवार 'सेश्ता-फेइरा', सहावी सुट्टी. शनिवार-रविवारच्या नावात मात्र सुट्टीचा पत्ता नाही. सोमवारी सकाळी आठच्या बसला लटकणाऱ्या लिस्बनच्या माणसाला हे कोणी समजावून सांगू नये.

फायरची एक बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 'फायर्न' या क्रियापदाचा आजचा अर्थ साजरं करणे. जुना अर्थ नुसता हात आवरून बसणे, काम न करणे. तो अर्थ काही कोपऱ्यांत अजून चिकटून आहे. दुखणं काढून घरी बसणाऱ्याला बोलीत 'क्रांकफायर्न' करतो म्हणतात, आजारपण साजरं करतो. त्यात आता थोडा टोमणाही मिसळलाय. आणि कोळशाच्या खाणीतला 'फायरशिख्ट' हा शब्द. शब्दशः उत्सवाची पाळी. प्रत्यक्षात, कोळसा विकला जात नाही, आज खाणीत उतरू नका, मजुरी बुडाली. 1958 साली रूरच्या खोऱ्यात तेल आणि परदेशी कोळसा स्वस्तात येऊ लागला आणि या पाळ्या सुरू झाल्या. खाणीच्या तोंडाशी कोळशाचे ढीग साचलेले, आणि घरी बसलेल्या खाणकामगाराच्या हातात कागद, त्यावर 'उत्सव' छापलेला. भाषा मुद्दाम क्रूर होत नाही. ती जुनी चावी नव्या कुलुपाला लावून बघते, एवढंच.

पूर्व जर्मनी वेगळा देश होता तेव्हा तिथे वृद्धाश्रमाला 'फायरआबेंटहाइम' म्हणायचे. आयुष्याचं काम आटोपलेल्यांचं घर. आपल्याकडे 'संध्याछाया' वगैरे नावं देतात त्याच जातीचं, पण मला त्यापेक्षा बरं वाटतं. छाया अंगावर येते, सुट्टी कमावलेली असते. त्याच देशात 'फायरआबेंटब्रिगाडं'ही असायच्या, म्हणजे सरकारी काम सुटल्यावर खासगीत कोणाची भिंत बांध, कोणाचं छप्पर दुरुस्त कर, असं चार पैशांसाठी राबणाऱ्या टोळ्या. कामातून सुटल्यावर करायचं काम. हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

शब्दांच्या मागे लागलं की जर्मनमध्ये शेवटी एकाच दारात जाऊन उभं राहावं लागतं, ग्रिम बंधूंच्या. परीकथांमुळे जग त्यांना ओळखतं, पण त्यांचं आयुष्य खाल्लं ते शब्दकोशाने. 1838 मध्ये हाती घेतला, पहिला खंड 1854 मध्ये निघाला. धाकटे विल्हेल्म 'ड' हे अक्षर संपवून 1859 मध्ये गेले. थोरले याकोब एकटे पुढे लिहीत राहिले, 'फ'पर्यंत पोचले, आणि सप्टेंबर 1863 मध्ये 'फ्रुख्ट', म्हणजे फळ, या शब्दाशी त्यांची लेखणी थांबली. पुढचं काम पिढ्यांवर गेलं. शब्दकोश पुरा झाला तो 1961 मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहिली त्याच वर्षी. मी वर्णानुक्रम लावून पाहिला. फायरआबेंट हा शब्द फ्रुख्टच्या आधी येतो. म्हणजे त्याची नोंद याकोबच्या हयातीत, त्यांच्याच हातची. सत्तरी उलटलेला माणूस, सोबतीचा भाऊ गेलेला, समोर चिठ्ठ्यांचा ढीग, आणि 'काम संपण्याची वेळ' या शब्दाचे दाखले उतरवून काढतोय. ती नोंद संपवून त्यांनी दिवा मालवला असेल की पुढचा शब्द उघडला असेल? मला तरी दुसरंच वाटतं.

आजच्या जर्मनीत ही वेळ कायद्यानेच बांधून दिली आहे. काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशी काम सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती. रात्री दहाला मेल केलं आणि सकाळी आठला टेबलावर हजर, असं चालत नाही. आम्ही मात्र त्यांच्या फायरआबेंटवर आमचं घड्याळ लावतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ पुढे सरकवतात आणि आमची रात्र तासाने लवकर होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात आणि आमची जेवणं पुन्हा दहावर जातात. आमच्या ऑफिसात ऋतू दोनच, साडेआठचा आणि साडेनऊचा.

तरी या सगळ्यात मला हा शब्द खरा कळला तो कोशातून नाही. श्वेबिश आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्याशी एका खेडेगावात लहानसं संग्रहालय होतं, पावसात आडोसा म्हणून शिरलो. कौलं होती तिथे. त्या भागातली जुनी कौलं सपाट असतात, खालच्या टोकाला गोलसर. त्यांना 'बीबरश्वान्त्स' म्हणतात, बीवर या प्राण्याची शेपटी. लाकडी चौकटीत माती थापायची, ओल्या हाताने गुळगुळीत करायची, फळीवर वाळत ठेवायची. भिंतीवर अशी दहा-बारा कौलं टांगलेली, आणि प्रत्येकावर काहीतरी कोरलेलं. एकावर बोटाने काढलेला सूर्य, त्याला वाकडीतिकडी किरणं. एकावर बदाम. एकावर नुसतं साल. एकावर पावसाळी हवेबद्दल काहीतरी गिरगटलेलं. खाली चिठ्ठी, 'फायरआबेंटत्सीगल'. फायरआबेंटचं कौल. दिवसभर एकसारखी कौलं थापल्यावर म्हणे कारागीर दिवसाच्या शेवटच्या कौलावर असं काहीतरी काढायचा आणि हात धुवायचा.

मी त्या सूर्याकडे बराच वेळ बघत होतो. किरणाच्या टोकाशी माती थोडी उचलली गेली होती, बोट जिथून काढून घेतलं तिथे. छपरावर ही कौलं एकावर एक अशी बसवतात की निम्म्याहून जास्त कौल वरच्या ओळीखाली झाकलं जातं. म्हणजे तो सूर्य बहुधा कोणी पाहिलाच नसणार, छप्पर मोडेपर्यंत. आणि तो काढला तेव्हा कारागीर सुटलेलाही नव्हता. माती अजून त्याच्या हातात होती. तो फक्त सुटणार होता. खांदेमळणीच्या बैलासारखा.

गेल्या मे महिन्यात आजोळी, रत्नागिरीजवळ, घराची शाकारणी काढली. पुढच्या पडवीवर मंगळूरी कौलं आहेत. खाली उतरवलेल्या एका कौलाची माती पुसली तर इंग्रजीत ठसा निघाला, बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. ते साल त्या कौलाचं नाही, कारखान्याचं. प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने मंगळूरला त्या वर्षी तो सुरू केला आणि त्याची कौलं कोकणभर चढली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ते कारखाने ताब्यात घेतले. मी एकेक कौल उलटून बघत सुटलो. सगळ्यांवर तोच ठसा, त्याच जागी. यंत्राच्या साच्यात शेवटचं कौल वेगळं निघत नाही.

"काय शोधताय एवढं?" छपरावरून गडी म्हणाला.

"कोणी काही काढलंय का बघतोय. चित्रबित्र."

"त्यांच्यावर काय असणार? नळे बघा मागचे."

मागच्या गोठ्यावर अजून जुने हाताचे नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं, आहेत. त्याने चार-पाच खाली दिले. चाकावर फिरवलेल्या मातीच्या बारीक रेघा, कुठे अंगठ्याचा दाब, एकावर मांजराचा पंजा. आणि एका नळ्याच्या आतल्या अंगाला, काठापाशी, बोटाने ओढलेले पाच आडवे फराटे.

"हे काय?"

त्याने नळा हातात घेतला, उन्हाकडे धरला. "मोजणी असेल कुंभाराची. पाच शेकडे झाले, काहीतरी. नाहीतर पोराने ओढलं असेल." आणि फराटे खाली जातील असा तो परत बसवून टाकला. मग हात झटकले, आभाळाकडे बघितलं, म्हणाला, "आता उद्या," आणि शिडीवरून उतरून विहिरीकडे गेला.

पाच वाजले होते. तिकडे दीड, लोक जेवून नुकतेच परत टेबलाशी बसत असतील. माझा कॉल साडेपाचला होता.